संशोधनासाठी देणगी आणि तुमचं आयकर विवरणपत्र: पावती करण्याआधी हे वाचा

आमच्या सर्व ग्राहकांसाठी, ऑगस्ट 2025

दरवर्षी रिटर्नच्या हंगामात आमच्याकडे देणगीच्या पावत्या येतात. त्यातल्या बऱ्याच कॅन्सर रुग्णालयांच्या, काही मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारांवर काम करणाऱ्या न्यासांच्या असतात. बहुतेक पावत्यांमागे घरातलं आजारपण असतं. आई गेली, तिच्या वर्षश्राद्धाला मोठा कार्यक्रम न करता ती रक्कम संशोधनाला दिली, असं सांगणारे ग्राहक आता पुष्कळ आहेत. अशा देणगीची सवलत केवळ कागदात चूक राहिली म्हणून हातची जाऊ नये, यासाठी हे माहितीपत्रक.

पहिला प्रश्न हल्ली मुलं अमेरिकेत असलेल्या पालकांकडून येतो: "रिफंड येणारच आहे, त्यातूनच परस्पर कॅन्सर संशोधनाला पैसे द्या ना." कॅलिफोर्नियात ही सोय आहे. तिथल्या राज्याच्या कर विवरणपत्रातच स्तनाच्या कर्करोगावरचं संशोधन, अल्झायमर आणि त्यासारखे विकार अशा निधींचे रकाने असतात. तुम्ही आकडा भरला की तो तुमच्या रिफंडातून वजा होतो किंवा देय करात मिळवला जातो. आपल्या आयकर विवरणपत्रात असा रकाना नाही. आपल्याकडे देणगी आधी, तुमच्या हातून, आर्थिक वर्ष संपायच्या आत द्यावी लागते. विवरणपत्रात फक्त तिची नोंद होते आणि सवलत मागितली जाते. म्हणून यंदाच्या विवरणपत्रात 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या काळात दिलेलीच देणगी येईल. 1 एप्रिल 2025 पासून पुढे दिली असेल तर ती पुढच्या वर्षी.

सर्वात जास्त वेळ खाणारी चूक: पावतीवरचं नाव

"आईच्या स्मरणार्थ" देणगी देताना अनेकजण पावतीच आईच्या नावाने करून घेतात. भावना आम्हाला समजते. पण संस्थेच्या नोंदीत देणगीदार म्हणून ज्यांचं नाव लागतं ती व्यक्ती हयात नाही, आणि पैसे गेले मुलाच्या खात्यातून. मग ही सवलत आईला मिळत नाही आणि मुलालाही मिळत नाही.

पूर्वी छापील पावती हातात असली की काम भागायचं. 2021-22 या आर्थिक वर्षापासून तसं राहिलेलं नाही. आता संस्थेला प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक आणि रक्कम फॉर्म 10बीडी या विवरणात आयकर खात्याला कळवावी लागते. त्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 31 मेपर्यंत असते. ते विवरण भरल्यावर खात्याच्या पोर्टलवरून तुमच्या नावाचं प्रमाणपत्र तयार होतं, तो फॉर्म 10बीई. त्यावरचा एआरएन क्रमांक आम्हाला तुमच्या विवरणपत्राच्या 80जीच्या, म्हणजे देणगीवर वजावट देणाऱ्या कलमाच्या, तक्त्यात भरावा लागतो. तो क्रमांक तुमच्या पॅनशी जुळला नाही तर सवलत अडकते. संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह दिलेलं आभारपत्र कितीही सुंदर असलं तरी त्यावर हा क्रमांक नसतो.

म्हणजे पावती चुकीच्या नावाने झाली की चूक पावतीपुरती राहत नाही, ती खात्याच्या नोंदीत जाऊन बसते. दुरुस्तीसाठी संस्थेने तिचं 10बीडी विवरण सुधारून द्यावं लागतं. मोठ्या रुग्णालयांत हे काम लेखा विभागाकडे असतं, त्यांच्याकडे हजारो देणगीदार असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या एका नावासाठी फाईल पुन्हा उघडायला कोणी सहज तयार होत नाही. तोवर तुमचं विवरणपत्र आमच्याकडे थांबून राहतं.

उपाय एका वाक्याचा आहे. देणगीदार म्हणून तुमचं नाव आणि तुमचा पॅन, आणि "स्मरणार्थ" या जागी आईचं नाव. बहुतेक संस्थांच्या देणगी अर्जात या दोन जागा वेगळ्या असतात. नसतील तर तसं लिहून द्या, ते ऐकतात. आईचं नाव पावतीवर राहतं, हवं तर फलकावरही लागतं, आणि सवलत तुम्हाला मिळते.

याच जातीच्या आणखी काही गोष्टी आमच्याकडे येतात. भावंडांनी किंवा जुन्या वर्गमित्रांनी पैसे जमवून एकाच्या खात्यातून पाठवले, तर प्रमाणपत्र त्या एकाच्याच नावाने येतं. बाकीच्यांना काही मिळत नाही. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून थेट द्यावं. पैसे नवऱ्याच्या खात्यातून आणि पावती बायकोच्या नावाने, असंही करू नका. ज्याचे पैसे, त्याचं नाव, त्याचा पॅन. मात्र आईने हयात असताना स्वतः देणगी दिली असेल आणि त्याच आर्थिक वर्षात तिचं निधन झालं असेल, तर ती सवलत जात नाही. तिचं त्या वर्षाचं विवरणपत्र वारसाने भरायचं असतं आणि तिची देणगी त्यात येते. हे अनेकांना माहीत नसतं, म्हणून अशा वेळी आम्हाला नक्की विचारा.

80जी की 80जीजीए?

संशोधनासाठी देणगी म्हटलं की दोन वेगळी कलमं येतात आणि फरक बराच आहे.

रुग्णालय चालवणाऱ्या किंवा रुग्णांना मदत करणाऱ्या बहुतेक न्यासांना दिलेली देणगी 80जीमध्ये येते. तिथे रकमेच्या 50 टक्केच वजावट मिळते, तीही तुमच्या समायोजित उत्पन्नाच्या (म्हणजे इतर वजावटी वगैरे काढून उरणाऱ्या उत्पन्नाच्या) 10 टक्के मर्यादेत. मुख्यमंत्री सहायता निधीला शंभर टक्के मिळते, मग रुग्णालयाला निम्मीच का, असं विचारतात. कायद्याने काही निधी वेगळ्या यादीत ठेवले आहेत, एवढंच त्याचं उत्तर.

कलम 35(1)(ii) खाली वैज्ञानिक संशोधनासाठी केंद्र सरकारने अधिसूचित केलेली संस्था, विद्यापीठ किंवा महाविद्यालय असेल, तर तिथे दिलेली देणगी 80जीजीएमध्ये येते आणि वजावट 100 टक्के मिळते. पण ज्यांना व्यवसायाचं किंवा धंद्याचं उत्पन्न आहे त्यांना 80जीजीए लागू नाही. शिक्षक, बँक कर्मचारी, निवृत्त मंडळी यांना ते चालतं. दुकानदाराला किंवा स्वतःचा दवाखाना असलेल्या डॉक्टरांना चालत नाही. त्यांना हीच देणगी 35(1)(ii) खाली धंद्याच्या हिशेबात वजा करता येते. मात्र जे 44एडीखाली ढोबळ टक्केवारीने नफा दाखवतात, त्यांना तोही लाभ नाही, कारण त्या टक्केवारीत सगळा खर्च धरलेला मानला जातो. अशा दुकानदार ग्राहकांना आम्ही 80जीची नोंदणी असलेली संस्था निवडायला सांगतो.

फरक आकड्यात पाहा. जुन्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न 8 लाख, देणगी 25,000 रुपये. 80जीमध्ये 12,500 ची वजावट, उपकरासह कर वाचतो 2,600 रुपये. 80जीजीएमध्ये पूर्ण 25,000 ची वजावट, कर वाचतो 5,200 रुपये. 25,000 दिले म्हणून 25,000 कर कमी होणार, असं समजून कोणी येऊ नये. देणगी द्यायची ती कामासाठी, कर वाचतो तो वरचा लाभ.

एकाच संस्थेचे अनेकदा दोन निधी असतात, रुग्णसहाय्य निधी आणि संशोधन निधी. पैसे कुठल्या निधीत जात आहेत, पावती कुठल्या कलमाची आहे आणि त्या कलमाची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे देण्याआधी विचारा. 80जीची नोंदणी आता कायमची नसते, मुदतीची असते आणि तिचं नूतनीकरण करावं लागतं.

ज्या गोष्टी देणगीत येत नाहीत

घरातल्या रुग्णाची रुग्णालयाची बिलं ही देणगी नव्हे. कॅन्सरसारख्या ठरावीक आजारांच्या उपचारखर्चासाठी 80डीडीबी हे वेगळं कलम आहे. त्यात 40,000 रुपयांपर्यंत, आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर 1,00,000 पर्यंत वजावट मिळते. विम्यातून परत मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. त्याला तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं.

मोबाईलवर फिरणाऱ्या आवाहनाला प्रतिसाद देऊन एखाद्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी थेट त्याच्या वडिलांच्या खात्यात पाठवलेले पैसे हे मोठंच काम आहे. पण त्यावर सवलत नाही. तशीच औषधं, चादरी, व्हीलचेअर दिल्या तरी नाही, कारण वस्तुरूप देणगी धरली जात नाही.

रोख रकमेबद्दल: 2,000 रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर संपूर्ण रक्कम बाद होते. 5,000 रोख दिले म्हणजे 2,000 तरी मिळतील, असं नाही. यूपीआय, धनादेश किंवा बँकेतून द्या.

आणि हे सगळं जुन्या करप्रणालीतच. नव्या प्रणालीत 80जी, 80जीजीए, 80डीडीबी यातलं काहीच मिळत नाही, आणि 2023-24 पासून नवी प्रणालीच मूळ धरली जाते. पगारदार आणि पेन्शनर यांना विवरणपत्रातच जुनी निवडता येते, पण मुदतीत भरलं तरच. यंदा ज्यांच्या हिशेबांचं लेखापरीक्षण लागत नाही त्यांची मुदत 15 सप्टेंबर 2025 आहे. त्यानंतर भरल्यास नवी प्रणाली लागते आणि देणगीची सवलत जाते. अनेकांना देणगी धरूनही नवी प्रणालीच स्वस्त पडते. आम्ही प्रत्येकाचा हिशेब दोन्ही बाजूंनी करून दाखवतो आणि मगच विचारतो.

10बीई नसेल तर आम्ही सवलत का लावत नाही

यावरून काही ग्राहक नाराज होतात. "दुसरीकडे नुसत्या पावतीवर करून देतात," असं ऐकवतात. एआरएनच्या जागी काहीतरी आकडे टाकून विवरणपत्र पुढे सरकवता येईलही, पण विचारणा आली की उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. याच 14 जुलैला आयकर खात्याने देशभरात 150 ठिकाणी खोट्या वजावटींविरुद्ध तपासणी केल्याचं जाहीर केलं. विवरणपत्रं भरून देणारेच त्यात रडारवर होते, आणि 80जी, 80जीजीए, 80डीडीबी ही कलमं त्या यादीत होती. चुकीची माहिती देऊन सवलत घेतल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड बसू शकतो. 2,600 रुपयांसाठी आम्ही तुम्हाला तिथे नेणार नाही. प्रमाणपत्र उशिरा आलं तर घाबरू नका. मुदतीत जुन्या प्रणालीने विवरणपत्र भरून ठेवू आणि 31 डिसेंबरपर्यंत ते सुधारून देणगी त्यात घेऊ.

देणगी देऊच नका, असा या सगळ्याचा अर्थ कोणी काढू नये. आपल्या भागाला तरी संशोधनाचं मोल सांगायला नको. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या मदतीने ग्रामीण भागातली कर्करोगाची नोंदवही 1987 पासून ठेवली आहे. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गावांचे 52 गट करून 1,31,000 हून अधिक महिलांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत अभ्यास झाला. 2009 साली त्याचे निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणी झालेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू चाचणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. त्या कामाचा पैसा परदेशी प्रतिष्ठानातून आला, आणि ज्यांच्यावर अभ्यास झाला त्या आपल्याच गावच्या बायका होत्या. अशा कामाला आपल्या जिल्ह्यातूनही पैसा जावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. सोलापूर, बार्शी, धाराशिवकडचे जे ग्राहक दरवर्षी काही रक्कम बाजूला काढतात त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे.

म्हणून देणगी देण्याआधी एकदा आम्हाला फोन करा. संस्थेची नोंदणी चालू आहे का, पावती कुठल्या कलमाची होईल, तुम्हाला जुनी प्रणाली परवडते का, एवढं आम्ही पाच मिनिटांत सांगतो. आमच्या ग्राहकांना यासाठी वेगळं शुल्क नाही. नाव किंवा पॅन चुकला असेल तर संस्थेला द्यायच्या पत्राचा मराठी आणि इंग्रजी नमुना कार्यालयात तयार आहे. संस्थेशी पाठपुरावाही आम्ही करू, पण त्याचा वेळ लागतो म्हणून त्याचं शुल्क घेतो, आणि ते आधी सांगतो.

रिटर्नला येताना फॉर्म 16 किंवा पेन्शनचा दाखला, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि प्रत्येक देणगीचा फॉर्म 10बीई आणा. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर पावतीचा फोटो नको, संस्थेकडून आलेली 10बीईची पीडीएफ फाईलच पाठवा. फोटोत एआरएन नीट वाचता येत नाही. 10बीई अजून आला नसेल तर आजच संस्थेच्या लेखा विभागाला ईमेल करा आणि त्यात देणगीची तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि तुमचा पॅन लिहा. हे चार तपशील असले की त्यांनाही नोंद शोधणं सोपं जातं.