फ्लॅट दोघांच्या नावे, पैसे वडिलांचे

घटस्फोटाच्या दाव्यात फ्लॅटचा विषय निघाला की दोन्हीकडचे आईवडील पासबुकं घेऊन वकिलाकडे येतात. कुणी पीएफ काढलेला असतो, कुणी गावची जमीन विकलेली. पण हिंदू विवाह कायद्यात संसारात जमवलेल्या मालमत्तेची वाटणी करून देणारी तरतूदच नाही.

अनेक जातींत काडीमोड होती, पाट म्हणजे बाईचा पुनर्विवाह होता. धर्मशास्त्राच्या लेखी मात्र लग्न सहसा मोडायचं नव्हतंच, मग वाटणी कशाची? बाईला भेट मिळालेलं तिचं, एवढं याज्ञवल्क्यस्मृतीत होतं: आईवडील, नवरा, भाऊ यांनी दिलेलं आणि लग्नाच्या अग्नीसमोर मिळालेलं ते स्त्रीधन. विज्ञानेश्वराने त्या स्मृतीवरच्या मिताक्षरा या टीकेत त्याची व्याप्ती वाढवली. मुलाच्या बापाने दिलेल्या पैशाला असं वेगळं नाव कधी मिळालं नाही, कारण एकत्र कुटुंबात त्याची गरजच पडत नव्हती.

मुंबई प्रांताने 1947 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, 1955 मध्ये देशभराचा हिंदू विवाह कायदा आला. त्याच्या कलम 27 ने न्यायालयाला मालमत्तेबद्दल आदेश देता आला, पण फक्त लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास भेट मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंपुरता. भांडीकुंडी आणि फर्निचर डोळ्यांसमोर ठेवूनच हे लिहिलं असावं, असं वाटतं. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'सुमारास' या शब्दाचा अर्थ सैल केला: लग्नाशी संबंध असेल, तर आधी वा नंतर दिलेलंही त्यात धरावं. तरीही लग्नानंतर सात वर्षांनी सासऱ्याने भरलेलं डाउन पेमेंट त्यात बसवणं अवघडच.

स्त्रीधनाचं निदान पक्कं झालं. 1982 मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की सासरी आलेल्या वस्तू जणू दोघांच्या होतात. प्रतिभा राणी खटल्यात 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं. दागिने सासरच्या कपाटात असले तरी ते बाईचेच. सासरचे फक्त राखणदार.

घराचं गणित वेगळ्याच कायद्यांत आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार दोघांनी मिळून घर घेतलं, तर ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा. पुरावा नसेल तर समान. मग वडील म्हणतात, ते पैसे खरे माझे. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, अशा व्यवहारांविरुद्धच्या 1988 च्या बेनामी कायद्याने असा दावा जवळजवळ बंद केला. 2016 च्या दुरुस्तीने मुलांच्या नावे घेतलेल्या घराला सूट मिळाली, पण सून-जावई त्या यादीत नाहीत. उरतो एकच प्रश्न: पैसे भेट होते की उसने? आणि घरातल्या घरात कागद करणं आपल्याकडे अपमानाचं.

बांदा सोडून पत्रादेवीला गोव्यात शिरलं की हिशेब बदलतो. तिथे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता, वारशाने आलेली धरून, सहसा निम्मी-निम्मी.

उरलेल्या देशासाठी, नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला हिस्सा देणारं दुरुस्ती विधेयक राज्यसभेत 2013 मध्ये मंजूर झालं. लोकसभेत ते पडूनच राहिलं आणि 2014 मध्ये लोकसभा विसर्जित होताच बाद झालं.