मोल आधी वजन होता, संख्या नंतर झाला

पार्श्वभूमी

मोल म्हणजे रसायनशास्त्रात पदार्थाचे कण मोजायचं एकक. १८ ग्रॅम पाण्यात किती मोल, हे गणित नागपूरच्या कुठल्याही शिकवणीत अकरावीच्या पहिल्या महिन्यातच सुटतं. वजन भागिले मोलर मास (एका मोलचं वजन, पाण्यासाठी १८ ग्रॅम), उत्तर एक. पण १६ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये किती मोल असं विचारलं की वर्गात दोन तट पडतात. कुणी एक म्हणतं, कुणी अर्धा. अणू मोजले तर एक बरोबर, रेणू मोजले तर अर्धा. प्रश्नात काय मोजायचं तेच लिहिलेलं नसतं. ही अडचण मुलांची नाही, ती मोल या शब्दाच्या इतिहासातून आलेली आहे.

सारख्या तापमानाला आणि दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूही सारखेच असतात, ही कल्पना १८११ची. ती जवळजवळ पन्नास वर्षं अडगळीत पडली होती. १८६०मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत झालेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेनंतर अणुभारांच्या (अणूंच्या तुलनेतल्या वजनांच्या) आकड्यांत एकवाक्यता येऊ लागली.

खरा गुंता १८९०च्या दशकात सुरू होतो. मोल हा शब्द जर्मनमधला, रेणूच्या तिथल्या नावावरून आखूड केलेला. ज्या रसायनशास्त्रज्ञाने तो रुळवला, त्याचा तेव्हा अणूंच्या अस्तित्वावर विश्वासच नव्हता. त्यामुळे त्याच्या मोलमध्ये कण मोजण्याचा प्रश्नच नव्हता. रेणुभाराचा (रेणूतल्या अणुभारांच्या बेरजेचा) जो आकडा, तितके ग्रॅम घ्या, झाला एक मोल. म्हणजे मोल हे चक्क वजन होतं, आणि प्रत्येक पदार्थाचं वेगळं. जुन्या मराठी पुस्तकांत भेटणारा 'ग्रॅम-रेणू' हा त्याच घराण्यातला. मिठासारख्या पदार्थात तो शब्द लटका पडायचा, कारण मिठात सुटा रेणू नसतोच, आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची, जाळी असते. तरी ५८.५ला मिठाचा रेणुभार म्हणायची सवय आजही सुटलेली नाही.

संख्या आली ती १९०९च्या सुमारास. एका फ्रेंच शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या मार्गांनी ग्रॅम-रेणूतले रेणू मोजले आणि त्या आकड्याला १८११ची ती कल्पना मांडणाऱ्या इटालियन शास्त्रज्ञाचं नाव दिलं. ॲव्होगॅड्रो अंक तो हाच. ज्याचं नाव दिलं तो १८५६ सालीच वारला होता, आणि हा आकडा त्याने कधी पाहिलाही नव्हता.

म्हणूनच वर्गात दिली जाणारी डझनाची उपमा मला अपुरी वाटते. संत्री डझनाने घ्या, मोल म्हणजे तसाच एक मोठा डझन, असं आम्ही सांगतो. पण डझन जन्मापासून संख्याच आहे. मोल मात्र तराजूतून आला आणि मोजणीत शिरला. शालेय व्याख्येची सुरुवात अजूनही बहुधा ग्रॅमपासूनच होते, मग दोन ओळींनी तीच गोष्ट संख्या म्हणून समोर येते. मुलं गोंधळतात यात नवल नाही.

मधल्या काळात आणखी एक वाद झाला. १९२९मध्ये ऑक्सिजनची जड समस्थानिकं (त्याच मूलद्रव्याचे जास्त वजनाचे अणू) सापडली आणि अणुभाराच्या मोजपट्ट्या दोन झाल्या. रसायनवाले निसर्गातल्या मिश्र ऑक्सिजनला १६ धरायचे, भौतिकवाले फक्त ऑक्सिजन-१६ला. भौतिकवाल्यांची पट्टी घ्यायची तर रसायनाचे सगळे आकडे लाखात सुमारे २७ भागांनी हलले असते. कार्बनच्या कार्बन-१२ या समस्थानिकाला १२ धरल्यावर ते लाखात चारच्या आसपास हलले. १९६१पर्यंत दोन्ही बाजूंनी हा तोडगा मान्य केला.

१९७१मध्ये मोल मापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतलं सातवं मूळ एकक झाला. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच, कारण त्या व्याख्येत एक अट घातली गेली: मोल म्हणताना कण कोणता ते सांगायलाच हवं. अणू, रेणू, आयन, इलेक्ट्रॉन, काहीही असो. ऑक्सिजनचं गणित वाचतं ते या अटीमुळे, आणि आपल्याकडच्या प्रश्नांत हमखास गळते तीही हीच अट.

त्या व्याख्येत मोल १२ ग्रॅम कार्बन-१२मधल्या अणूंच्या संख्येवर, म्हणजे किलोग्रॅमवर, टेकलेला होता. २० मे २०१९पासून तो त्या आधारातून सुटला. आता एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात इतके कण. त्याआधी अतिशुद्ध सिलिकॉनच्या सुमारे एक किलोच्या गोळ्यातले अणू मोजून हा आकडा पक्का केला होता. बदल्यात कार्बन-१२चं मोलर मास आता व्याख्येने १२ ग्रॅम राहिलं नाही, ते मोजावं लागतं. फरक अब्जात एका भागाहून कमी, त्यामुळे परीक्षेतलं कुठलंही उत्तर बदलत नाही. या बदलाला विरोध करणारे रसायनशास्त्रज्ञही होते. मला मात्र तो योग्यच वाटतो. सव्वाशे वर्षांनी व्याख्या शब्दाच्या आजच्या अर्थाला धरून झाली.

वजन आणि मोजणीतला हा फरक वर्गाबाहेरही दिसतो. विदर्भात काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची एक पद्धत नागपूरच्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेने विकसित केली. पाण्याचा अहवाल येतो मिलिग्रॅममध्ये, पण आयन एकमेकांना धरतात ते मोजून. कॅल्शियम फ्लोराइड बनताना ४० मिलिग्रॅम कॅल्शियमला ३८ मिलिग्रॅम फ्लोराइड लागतं. वजनं जवळपास सारखी, पण मोलमध्ये पाहिलं तर कॅल्शियमच्या प्रत्येक आयनामागे फ्लोराइडचे दोन. फळ्यावर मी हल्ली आधी हेच लिहितो, सूत्र त्यानंतर.