तळ्यातील स्फुरद आणि शेजाऱ्यांचे श्रम

नाशिकच्या वसाहतींलगत उरलेल्या लहान तळ्यांसाठी आजूबाजूचे रहिवासी रविवारी सकाळी एकत्र येतात, तेव्हा बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या गोळा केल्या जातात. हे काम आवश्यकच आहे. तळे हिरवे पडून कुबट वास येऊ लागतो, त्याचे मूळ मात्र पाण्यात विरघळलेल्या स्फुरदात, म्हणजे फॉस्फरसमध्ये असते, आणि शेजाऱ्यांनी आपले श्रम मुख्यतः तिकडे वळवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात नत्र, स्फुरद आणि पालाश यांची ओळख करून देण्याची गरज नाही. वेलीप्रमाणेच शैवालालाही ही द्रव्ये लागतात. गोड्या पाण्यात बहुधा स्फुरदच सर्वांत तुटपुंजे असल्याने शैवालाची वाढ त्यावर अडून राहते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९७३ साली शास्त्रज्ञांनी एक तलाव मध्ये पडदा लावून दुभागला. दोन्ही भागांत कार्बन व नत्र मिसळले, स्फुरद मात्र एकाच भागात मिसळले, आणि तेवढाच भाग शैवालाने हिरवागार झाला. शैवालाच्या सरासरी रासायनिक घडणीवरून हिशेब केला, तर १ ग्रॅम स्फुरदावर सुमारे १०० ग्रॅम कोरडे शैवाल पोसले जाऊ शकते.

माशांना घातलेले कणकेचे गोळे, निर्माल्य, काठावरच्या धुण्याचा साबण आणि विशेषतः पावसाळी गटारात सोडलेले सांडपाणी, या सगळ्यांतून स्फुरद तळ्यात येते. नत्राचा काही भाग वायुरूपाने हवेत निघून जातो. स्फुरदाला ती वाट नाही. ते तळाच्या गाळात लोहाशी बांधले जाते आणि तळाशी ऑक्सिजन संपला, की तेथून सुटून पुन्हा पाण्यात मिसळते. म्हणूनच बाहेरची घाण थांबवल्यावरही काही तळी वर्षानुवर्षे हिरवीच राहतात.

ऑक्सिजन मोजण्यात तर शेजाऱ्यांची बरोबरी कोणी करू शकणार नाही. शैवाल दिवसा ऑक्सिजन सोडते, पण रात्री पाण्यातील सर्वच जीव तो वापरतात, त्यामुळे त्याचे प्रमाण सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असते. भर दुपारी घेतलेल्या नमुन्यात पाणी उत्तम ठरते आणि त्याच तळ्यात पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करीत असतात. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात हवेतून लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतील पहाटेची नोंद सर्वांत मोलाची. पाण्याची पारदर्शकता तर २० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीनेही मोजता येते. तबकडीचे चार भाग करून ते आलटून पालटून काळे-पांढरे रंगवायचे, तिला वजन आणि गाठी मारलेली दोरी बांधायची आणि ती पाण्यात कितव्या गाठीला दिसेनाशी होते, ते वहीत लिहायचे. इटलीतील पिएत्रो अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये याच कामासाठी पांढरी तबकडी वापरली होती.

जलपर्णी काढण्याचे कामही विचारपूर्वक करावे. ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती अनुकूल स्थितीत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या वजनाचा सुमारे ९५ टक्के भाग पाणीच असला, तरी तिने शोषलेले स्फुरद तिच्याबरोबर बाहेर येते. पण ढीग काठावरच कुजू दिला, तर पहिल्याच सरीत ते परत तळ्यात जाते. झाड उपटल्यावर फुगीर देठांखाली काळसर मुळांचा झुबका लोंबतो आणि त्यात शंखगोगलगायी व चतुरांची पिल्ले अडकलेली असतात, म्हणून तो आधी पाण्यात खळबळून घ्यावा. चतुरांची ही पिल्ले डासांच्या अळ्या खातात. काठावरील लव्हाळे आणि पाणकणीसही सरसकट कापू नये, कारण वाहून येणारी माती तेथेच अडते.

गाळाच्या बाबतीत सरसकट नियम लावता येत नाही. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळातूनच पाणपक्ष्यांची समृद्ध पाणथळ जागा घडली आणि २०२० मध्ये ती राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. वसाहतीतील लहान, साचलेल्या तळ्यात मात्र सांडपाण्याचा गाळ उन्हाळ्यात, पाणी सर्वांत कमी असताना, टप्प्याटप्प्याने काढणे हिताचे ठरते. सांडपाण्याची तोंडे त्याआधीच बंद झालेली असावीत, आणि शहरी गाळात जड धातू असण्याची शक्यता असल्याने प्रयोगशाळेतून तपासल्याशिवाय तो कोणाच्याही शेतात टाकू नये.