सुष्ट आणि दुष्ट, एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन साहित्यातील

दुष्टपणा राहतो कुठे, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन लेखकांना फार छळले. तो माणसाच्या रक्तात असतो, शेजाऱ्याच्या घरात असतो, देशाच्या कायद्यात असतो, की मुळात नसतोच? शतकाच्या पूर्वार्धात एमर्सनने दिलेले उत्तर आणि शेवटी मार्क ट्वेनने दिलेले उत्तर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा प्रश्न वारशाने आला होता. १६३० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये वसाहत करणाऱ्या प्युरिटन या कडक ख्रिस्ती पंथाच्या लोकांची श्रद्धा अशी, की आदमच्या पापामुळे माणूस जन्मतःच भ्रष्ट असतो आणि कोण तरणार हे देवाने आधीच ठरवून ठेवलेले असते. आपण तरणाऱ्यांपैकी आहोत का, हे कळायला मार्ग नाही. शेजारी बुडणाऱ्यांपैकी आहे, असे मात्र पटकन वाटू लागते. सेलम गावातील १६९२ च्या चेटूक-खटल्यांत १९ जणांना फाशी झाली आणि एका वृद्धाला अंगावर दगड रचून मारण्यात आले. या खटल्यांत न्यायासनावर बसलेल्या जॉन हॅथॉर्नच्या वंशात, त्याच सेलममध्ये, १८०४ साली कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न जन्मला.

राल्फ वाल्डो एमर्सन याने १८३२ मध्ये बॉस्टनच्या चर्चमधील धर्मोपदेशकाची जागा सोडली. १८३८ मध्ये हार्वर्डच्या धर्मशास्त्र विद्यार्थ्यांपुढे त्याने सांगितले की चांगुलपणा तेवढा खरा. वाईट म्हणजे त्याचा अभाव, जशी थंडी म्हणजे उष्णतेचा अभाव. त्याची १८५७ मधील ‘ब्रह्म’ ही कविता मराठी वाचकाला अनोळखी वाटणार नाही. मारणारा आपण मारतो असे समजत असेल आणि मरणारा आपण मेलो असे, तर दोघांनाही सत्य कळलेले नाही, ही तिची सुरुवात म्हणजे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘य एनं वेत्ति हन्तारं’ हा श्लोकच. ही भूमिका उदात्त खरी. पण चाबूक खाणाऱ्याला ती ऐकवणे कठीण.

हॉथॉर्नला हा आशावाद मानवला नाही. ‘यंग गुडमन ब्राउन’ (१८३५) या त्याच्या कथेतला सेलमचा तरुण नव्या नवरीला घरी ठेवून संध्याकाळी जंगलात जातो. बायकोचे नाव फेथ, म्हणजे श्रद्धा; तिच्या टोपीला गुलाबी फिती. वाटेत भेटलेल्या वाटाड्याच्या हातात नागासारखी काठी असते. पुढे त्याला लहानपणी धर्माचे पाठ शिकवणारी म्हातारी दिसते, गावचा पाद्री दिसतो; सगळे सैतानाच्या सभेला निघालेले. मग वरून एक गुलाबी फीत तरंगत येते आणि फांदीला अडकते. सकाळी तो गावात परततो तेव्हा फेथ धावत सामोरी येते, तो न बोलता पुढे निघून जातो. रात्रीचे ते सारे स्वप्न होते का, हे हॉथॉर्न सांगतच नाही. ब्राउन मात्र मरेपर्यंत कोणावरही विश्वास टाकू शकत नाही. सैतानाला यापेक्षा जास्त काय हवे असणार?

‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) मध्ये व्यभिचारिणी हेस्टरच्या छातीवर लाल अक्षर मिरवते, पण कादंबरीतले काळे पाप तिच्या नवऱ्याचे आहे: तिच्या प्रियकराच्या मनात शिरून, वैद्य म्हणून त्याच्याजवळ राहून, थंड डोक्याने त्याला कुरतडणे. कादंबरीच्या प्रस्तावनेत हॉथॉर्नने पूर्वजांच्या कृत्यांची शरम स्वतःकडे घेतली आहे. एडगर अॅलन पो याला धर्माशी कर्तव्य नव्हते. वाईट आहे हे ठाऊक असते म्हणूनच ते करावेसे वाटते, ही विकृत ओढ त्याने ‘द ब्लॅक कॅट’ (१८४३) मध्ये टिपली.

हर्मन मेल्व्हिलने ‘मोबी-डिक’ (१८५१) हॉथॉर्नलाच अर्पण केली. कप्तान एहॅबचा पाय पांढऱ्या देवमाशाने तोडला आहे आणि जगातले सगळे दुष्टपण त्या एका माशात साठले आहे, अशी त्याची खात्री झाली आहे. मुक्या जनावरावर सूड कसला, असे जहाजावरचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी स्टारबक विचारतो. त्याचे कोणी ऐकत नाही, आणि जहाज बुडून एकटा इश्मेल वाचतो. मासा दुष्ट होता की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही.

गुलामगिरीने प्रश्नाचा रोखच बदलला. गुलामीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस याने १८४५ च्या आत्मकथनात बाल्टिमोरच्या मालकिणीचे चित्र काढले आहे. आधी कधी गुलाम न बाळगलेली ही बाई त्याला मुळाक्षरे शिकवू लागते, नवरा हटकतो, आणि हळूहळू ती नवऱ्याहून कठोर होते. गुलामीने आपल्याइतकेच तिचेही नुकसान केले, असे डग्लस म्हणतो. पळालेल्या गुलामांना पकडून देणे भाग पाडणारा कायदा १८५० मध्ये झाला. हॅरिएट बीचर स्टो हिची ‘अंकल टॉम्स केबिन’ (१८५२) ही गुलामगिरीविरोधी कादंबरी त्यातून आली. पुढे जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले.

कायदाच दुष्ट असला तर सदसद्विवेक कोणाच्या बाजूने बोलतो? मार्क ट्वेनच्या कादंबरीतला मुलगा हक फिन (अमेरिकेत प्रसिद्धी १८८५) पळालेला गुलाम जिम याचा पत्ता मालकिणीला कळवणारे पत्र लिहितो आणि पाप धुतल्यासारखा हलका होतो. मग त्याला तराफ्यावरच्या रात्री आठवतात: याची झोप मोडू नये म्हणून जिम स्वतःच्या पाळीनंतर याचीही पाळी जागायचा. हक श्वास रोखून कागदाकडे बघतो, ‘ठीक आहे, मग जाईन नरकात’ म्हणतो आणि पत्र फाडून टाकतो. आपण चांगले वागलो हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही, आणि ट्वेनही त्याला सांगत नाही.

‘द मॅन दॅट करप्टेड हॅडलीबर्ग’ (१८९९) या ट्वेनच्या कथेत प्रामाणिकपणासाठी नावाजलेले एक गाव आहे. ‘आम्हांला मोहात पाडू नकोस’ हे त्याचे ब्रीद. एक परका सोन्याची म्हणून एक थैली तिथे ठेवून जातो आणि गावातले १९ प्रतिष्ठित नागरिक एकजात खोटे बोलतात. थैलीत सोन्याचा मुलामा दिलेले शिशाचे तुकडे निघतात. शोभा झाल्यावर गाव आपले नाव बदलते आणि ब्रीदातला नकार काढून टाकते.