जपानमधील ख्रिस्ती मिशन आणि चर्चचे नेतृत्व

जपानमध्ये ख्रिस्ती धर्म १५४९ साली पोहोचला, आणि तो गोव्यावरून गेला. आज तेथील ख्रिस्ती लोक एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास आहेत. या इतिहासाचे तीन टप्पे पडतात : सोळाव्या शतकातील झपाट्याची वाढ, १६१४ पासूनची अडीचशेहून अधिक वर्षांची बंदी आणि १८५९ नंतरचा दुसरा प्रवेश. मधल्या टप्प्यात दोनशे वर्षे देशात मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, सांगणारा धर्मगुरू नव्हता, तरी काही खेड्यांत चर्च टिकून राहिले. म्हणून या नोंदीत मिशनऱ्यांइतकीच जागा त्यांच्यामागे चर्च सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांना, कोळ्यांना आणि दुभाष्यांना दिली आहे.

मराठी वाचकाला या इतिहासातले काही शब्द ओळखीचे वाटतील. पोर्तुगीज 'पाद्रे'चा आपल्याकडे पाद्री झाला, जपानीत 'बातेरेन'. आपला किरिस्ताव तिकडे 'किरिशितान' म्हणून भेटतो, आणि आपला पाव तिकडे 'पान' म्हणून. जेझुइट, म्हणजे झेवियर यांच्या येशू संघातील, पाद्री नसलेल्या बंधूंना 'इरुमान' म्हणत; तोही पोर्तुगीज 'इर्मांव'च.

आरंभ

कागोशिमाचा आंजिरो हातून खून झाल्यामुळे देश सोडून पळाला होता. मलाक्क्यात त्याची आणि फ्रान्सिस झेवियर यांची गाठ पडली. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि सेंट पॉल महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला झेवियर, कोस्मे दे तोरेस, बंधू हुआन फर्नांडिस आणि आंजिरो कागोशिमाला उतरले. देवासाठी जपानी शब्द कोणता, हा पहिलाच प्रश्न होता. आंजिरोने सुचवलेला शब्द 'दाइनिची', म्हणजे शिंगोन पंथाचा महावैरोचन बुद्ध! साहजिकच शिंगोन भिक्षूंनी पाहुण्यांचे आनंदाने स्वागत केले. ही माणसे 'तेन्जिकु'हून, म्हणजे बुद्धाच्या देशातून आलेली. तेव्हा हा बौद्ध धर्माचाच एखादा नवा पंथ असणार, असा लोकांचा समज झाला. यामागुचीत १५५२ मध्ये मिळालेल्या दानपत्रातसुद्धा पाश्चिमात्य प्रदेशातून बुद्धाचा धर्म सांगायला आलेले भिक्षू असाच त्यांचा उल्लेख आहे. चूक लक्षात आल्यावर झेवियर यांनी तो शब्द टाकला आणि सरळ लॅटिन 'देउस' वापरायला सुरुवात केली.

दुसरा धडा कपड्यांचा होता. फाटक्या झग्यात क्योतोला गेलेल्या झेवियरना सम्राटाची भेट मिळाली नाही. यामागुचीला मात्र ते चांगल्या पोशाखात, हिंदुस्थानच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचे वकील म्हणून, घड्याळासारख्या भेटवस्तू घेऊन गेले आणि प्रचाराची परवानगी घेऊन आले. १५५१ अखेर त्यांनी जपान सोडले.

कोणाच्या रीतीने राहायचे?

१५७० पासून मिशनचे प्रमुख असलेल्या फ्रान्सिस्को काब्राल यांचे जपानी लोकांविषयीचे मत चांगले नव्हते. त्यांना संघात बरोबरीची जागा देऊ नये, अशीच त्यांची भूमिका होती. १५७९ मध्ये गोव्याहून तपासनीस म्हणून आलेल्या आलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी ती उलटवली आणि काब्राल यांना पद सोडावे लागले. १५८१ च्या सुमारास वालिन्यानोंनी पाद्र्यांसाठी शिष्टाचाराची नियमावली लिहिली. ती वाचताना मिशनरी जीवन डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्येक निवासात पाहुण्यांसाठी स्वच्छ बैठक हवी आणि तिला लागून चहाची खोली हवी. साकेचा पेला कोणाला आधी द्यायचा, कोणासमोर किती वाकायचे, हे ठरलेले. अंगणात डुकरे-बकऱ्या पाळायच्या नाहीत. पाद्री आणि बंधू यांच्या पायऱ्या त्यांनी झेन मठांतल्या श्रेणींशी जुळवल्या, म्हणजे कोणत्या पाद्र्याला किती मान द्यायचा हे यजमानाला कळावे. याच काळात गोवा प्रांतात थॉमस स्टीफन्स दाखल झाले होते. पुढे त्यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. लोकांच्या भाषेत आणि रीतीत शिरण्याची ही वृत्ती दोन्हीकडे एकाच संघाची होती. ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले आणि आमाकुसाच्या मिशन छापखान्यात जपानी वीरकथाही रोमन लिपीतच छापली गेली.

१५८२ मध्ये वालिन्यानोंनी चार किशोरवयीन जपानी मुलांना युरोपला धाडले. परतीच्या वाटेवर, १५८७ मध्ये, त्यांतील हारा मार्तिन्यो याने गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केले. खुद्द वालिन्यानो १५९१ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला भेटले तेही व्हाइसरॉयचे वकील म्हणूनच. तेव्हा दिलेले व्हाइसरॉयचे चर्मपत्रावरचे पत्र क्योतोच्या म्योहो-इन मंदिराकडे असून जपान सरकारने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे.

हा सगळा डोलारा चालवायला पैसा लागे. तो मुख्यतः मकावहून नागासाकीला येणाऱ्या रेशमाच्या व्यापारातील हिश्शातून मिळे. ओमुरा सुमितादा या पहिल्या ख्रिस्ती सरदाराने १५८० मध्ये नागासाकी बंदरच जेझुइटांच्या हाती दिले. यामुळे मिशन सावकार, जहागीरदार आणि धर्मसंस्था असे तिन्ही झाले, आणि राज्यकर्त्यांच्या संशयाचे मूळही तिथेच पडले.

रोजचे काम मात्र पाद्री करत नसत. ते संख्येने थोडे, आणि त्यांची जपानी अडखळती. प्रवचन, धर्मशिक्षण, दुभाषेगिरी, अंत्यविधी हे सारे 'दोजुकु' करत. हा शब्द बौद्ध मठांतून घेतलेला. डोके मुंडलेले, लांब झगा घातलेले हे अविवाहित सहायक मिशनचे हातपाय होते. गावात चर्चची देखभाल करणारा 'काम्बो' वेगळा. जपानी लोकांना धर्मगुरुपदाची दीक्षा मात्र फार उशिरा मिळाली. सेबास्त्यान किमुरा आणि लुइस नियाबारा हे पहिले जपानी धर्मगुरू १६०१ मध्ये, झेवियर उतरल्यानंतर बावन्न वर्षांनी झाले. हा विलंब मिशनची सर्वांत महागात पडलेली चूक म्हणावी लागेल.

वसईचे गोन्सालो गार्सिया

वडील पोर्तुगीज, आई स्थानिक, जन्म १५५७ च्या सुमारास वसईत. गोन्सालो तरुणपणीच जेझुइटांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि बरीच वर्षे धर्मशिक्षकाचे काम करत राहिले. पुढे त्यांनी व्यापार केला आणि मनिलाला फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ हिदेयोशीकडे गेले, तेव्हा दुभाषी हेच होते. त्यांची भाषा कामी आली आणि फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहता आले. जेझुइटांना हे रुचले नाही. एकीकडे पोर्तुगीज आश्रय, दुसरीकडे स्पॅनिश. एकजण सरदारांना सांभाळून चालणारा, दुसरा रस्त्यावर उघड मिस्सा करणारा.

१५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला लागले. मालाच्या जप्तीवरून वाद पेटला आणि मिशनरी म्हणजे स्वारीची आघाडी, असा हिदेयोशीचा ग्रह झाला. क्योतो-ओसाकाकडे पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि उरलेले सतरा संसारी लोक आणि मुले होती. लुइस इबाराकी बारा वर्षांचा होता. १८६२ मध्ये या सर्वांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेल्यांपैकी हा मान मिळालेले पहिले गोन्सालो. वसईच्या किल्ल्यात आणि गास येथे त्यांच्या नावाची चर्च आहेत.

बंदी आणि पाद्र्यांविना चर्च

१६१४ च्या फर्मानाने सर्व मिशनऱ्यांना हद्दपार केले. चाळीसच्या आसपास पाद्री लपून राहिले. दिवसा भिंतीमागच्या पोकळीत किंवा होडीच्या तळाशी, रात्री पापनिवेदने ऐकत गावोगाव, असे त्यांचे आयुष्य झाले. १६२२ मध्ये नागासाकीत ५५ जणांना जाळून वा शिरच्छेद करून मारले. त्यांत किमुरा होते. १६३३ मध्ये खड्ड्यात उलटे टांगण्याच्या छळापुढे प्रांतप्रमुख क्रिस्तोव्हांव फेरेरा वाकले आणि त्यांनी धर्म सोडला. त्याच वेळी टांगलेले नाकाउरा जुलियन, युरोपला गेलेल्या चार मुलांपैकी एक, वाकले नाहीत. प्रांताचा प्रमुख ढळला आणि स्थानिक पाद्री टिकला, ही गोष्ट रोमलाही जड गेली. १६४४ मध्ये कोनिशी मान्सियो यांना मारल्यावर देशात धर्मगुरू उरला नाही. १७०८ मध्ये एकटे उतरलेले जोव्हान्नी सिदोत्ती लगेच पकडले गेले.

सरकारला चर्चची उतरंड चांगली ठाऊक होती. १६८२ च्या इनामफलकावर पाद्री पकडून देणाऱ्याला चांदीची ५०० नाणी, इरुमानसाठी ३००, तर दोजुकु किंवा साध्या किरिशितानसाठी १०० असा भाव लिहिलेला आहे.

पण या तिसऱ्या पायरीवरच सगळे उभे राहिले. बंदीपूर्वीच गावोगाव भक्तमंडळे होती. आजाऱ्याची सेवा, मर्तिकाची सोय, एकत्र प्रार्थना ही त्यांची कामे. तीच मंडळे जमिनीखाली गेली. नागासाकी परिसरातील उराकामी, सोतोमे, गोतो या भागांत तीन पदे होती. 'चोकाता' पंचांग सांभाळी. सण, उपास, कामबंदीचे दिवस तोच सांगे. त्यासाठी बास्त्यान या धर्मशिक्षकाच्या नावाने चालत आलेले १६३४ चे पंचांग वापरत. 'मिझुकाता' बाप्तिस्मा देई. 'किकियाकु' घरोघर निरोप पोहोचवी. पाद्री नाही म्हणजे मिस्सा नाही आणि पापनिवेदन नाही. उरला बाप्तिस्मा, कारण तो कोणीही देऊ शकतो. पापक्षमेसाठी मनापासूनचा पश्चात्ताप पुरतो, हे सांगणारी एक जुनी प्रार्थना ते पाठ करत.

प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नाव नोंदवावेच लागे. मर्तिकाला भिक्षू सूत्रे म्हणायला येई. त्याच वेळी शेजारच्या खोलीत किरिशितान मंडळी हळू आवाजात त्या सूत्रांचा परिणाम पुसून टाकणारी प्रार्थना म्हणत बसत. इकित्सुकी बेटावर देवाची चित्रे आतल्या खोलीच्या कपाटात असत आणि बाप्तिस्म्याचे पाणी हुतात्म्यांच्या नाकाएनोशिमा या ओसाड खडकावरून होडीने आणत. लॅटिन आणि पोर्तुगीज प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या कानावरून कानावर जाऊन 'ओराशो' झाल्या. त्यांतल्या अनेक शब्दांचा अर्थ म्हणणाऱ्यालाही माहीत नसे.

१८६५ नंतर

नागासाकीत परदेशी लोकांसाठी फ्रेंच पाद्र्यांनी ओउरा चर्च बांधले. त्याला नाव दिले २६ हुतात्म्यांचे, म्हणजे वसईच्या गोन्सालोंचेही. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी उराकामीची काही माणसे दाराशी उभी होती. बर्नार्ड पेतिजाँ यांनी त्यांना आत घेतले. एका बाईने जवळ येऊन हलक्या आवाजात सांगितले, की आमचे आणि तुमचे मन एकच आहे, आणि सांता मारियाची मूर्ती कुठे आहे असे विचारले. बाईचे नाव इसाबेलिना सुगिमोतो युरी.

आनंद फार टिकला नाही. उराकामीचे सुमारे ३,४०० लोक १८६८ ते १८७० या काळात ठिकठिकाणच्या जहागिरींत हद्दपार झाले; सहाशेहून अधिक तिथेच मेले. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. मग वेगळाच पेच उभा राहिला. बाप्तिस्म्याचे शब्द पिढ्यांत बदलले होते. काहींचा बाप्तिस्मा पुन्हा करावा लागला. मिझुकातांना नव्या पाद्र्यांच्या हाताखाली जावे लागणार होते आणि कपाटातले देव सोडावे लागणार होते. अनेकांनी ते मान्य केले, अनेकांनी केले नाही. न परतलेल्यांना 'अडाणी' म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण दोनशे वर्षे चर्च त्यांच्याच घरात होते.

नव्या मिशनऱ्यांत सोतोमेचे मार्क द रो वेगळे होते. १८७९ मध्ये ते शित्सु गावी आले. त्यांनी १८८२ मध्ये चर्च आणि पुढच्याच वर्षी गरीब बायकांसाठी काम देणारे केंद्र उभारले. विणकाम, पीठ दळणे, शेवया करणे असे सारे त्यांनी शिकवले. शेंगदाण्याचे तेल लावून केलेल्या त्या शेवया आजही त्यांच्याच नावाने विकल्या जातात. १९१४ मध्ये वारले तेही जपानमध्येच.

प्रॉटेस्टंट मिशनरी १८५९ मध्ये आले. डॉक्टर जेम्स हेपबर्न यांचा जपानी-इंग्रजी कोश १८६७ चा. पहिली प्रॉटेस्टंट मंडळी १८७२ मध्ये योकोहामात स्थापन झाली. येथे पाळकपदे लवकर जपानी हाती गेली. चाकरी गेलेल्या सामुराई घराण्यांतील तरुण पाळक झाले आणि परदेशी बोर्डाच्या पैशावर जगणे त्यांना कमीपणाचे वाटे. उचिमुरा कान्झो तर त्याही पुढे गेले. दीक्षा नको, संस्कार नकोत, इमारत नको. गुरू आणि बायबल वाचणारे शिष्य एवढेच त्यांचे 'मुक्योकाइ', म्हणजे चर्चविना ख्रिस्ती जीवन. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे निकोलाई १८६१ मध्ये हाकोदातेला आले. त्यांना ठार मारायला आलेल्या सावाबे ताकुमा या शिंतो पुजाऱ्याला त्यांनी आधी ऐकून तर घे म्हटले. १८७५ मध्ये सावाबे हेच पहिले जपानी ऑर्थोडॉक्स धर्मगुरू झाले.

विसाव्या शतकात नेतृत्व पुरते जपानी झाले, पण त्यामागे राष्ट्रवादाचाही रेटा होता. नागासाकीचे हायासाका क्यूनोसुके १९२७ मध्ये पहिले जपानी बिशप झाले. युद्धाच्या उंबरठ्यावर परदेशी बिशपांना बाजूला व्हावे लागले, आणि १९४१ मध्ये सरकारी दडपणाखाली तीसहून अधिक प्रॉटेस्टंट पंथ 'क्योदान' या एका संघटनेत आले. युद्धाला साथ दिल्याची कबुली क्योदानने १९६७ मध्ये जाहीरपणे दिली. दोई तात्सुओ १९६० मध्ये पहिले जपानी कार्डिनल झाले.

सध्याच्या कार्डिनलांपैकी माएदा मान्यो गोतो बेटांतले, लपून राहिलेल्या किरिशितानांचे वंशज. तोक्योचे किकुची इसाओ स्वतः घानात मिशनरी होते. कॅथलिक धर्मप्रांत २०२३ मध्ये ओसाका आणि ताकामात्सु एकत्र केल्यावर १६ चे १५ झाले. इकित्सुकीत ओराशो म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. शहरांतल्या चर्चमध्ये मात्र फिलिपिनो आणि व्हिएतनामी तरुणांची गर्दी असते, आणि कारखान्यांत कामाला आलेल्या ब्राझीलच्या जपानी वंशाच्या कुटुंबांसाठी पोर्तुगीजमध्ये मिस्सा होते. बातेरेनांची भाषा चारशे वर्षांनी अशी परतली.