हत्ती दाखवतंय, पण पाणी मागत नाही

चित्रं ओळखायचं ॲप आता लातूर-परभणीकडं खेड्यापाड्यातही सगळ्यांना पाठ आहे. हत्तीवर बोट ठेवलं की मोबाईल ‘हत्ती’ म्हणतो. विषय संपला. घोटाळा पुढं होतो. तोंडानं बोलता न येणाऱ्यांसाठीचं संवादाचं ॲपही चित्रांचंच आणि बोट लावल्यावर बोलणारंच, म्हणून तेही तसंच वापरलं जातं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, फुकट आणि मराठीतही असलेलं ‘जेलो’ उघडायचं आणि स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) लेकराला विचारत बसायचं, “पाणी कुठंय? दाखव बघू!”

ही तोंडी परीक्षा झाली. बरोबर दाखवलं तर टाळी मिळते, पाणी नाही. ओळखण्याच्या खेळात उत्तर मोठ्यांना आधीच ठाऊक असतं. संवादात काय म्हणायचं ते लेकरू ठरवतं, आणि त्यानं म्हटलं की काहीतरी घडावं लागतं. ‘पाणी’ दाबलं की पाणी द्या. चुकून दाबलं वाटलं तरी द्या. नाहीतर त्या बटणाला अर्थ येणार कुठून?

म्हणून सुरुवातीला बटण दाबायचं ते तुम्ही. भाकर वाढताना ‘अजून’ दाबा, तोंडानंही म्हणा. ताट उचलताना ‘संपलं’. एका वेळी एकदोनच शब्द. मग दहाएक सेकंद गप्प राहून वाट बघा. सगळ्यांना जड जातं ते हेच. हात धरून दाबून घेऊ नका, लेकरू तुमच्या हाताचीच वाट बघायला शिकतं. फळं-प्राणी राहू द्या. हवं, नको, अजून, थांब, मदत हे शब्द आधी. ‘नको’ दाबूनही घास कोंबला, तर पुढच्या वेळी ताटच भिरकावलं जाईल.

बाकी किरकोळ. बटणांच्या जागा बदलू नका. कार्टूनचा मोबाईल वेगळा ठेवा. जमत नसेल तर स्क्रीन पिन करा, म्हणजे दुसरं ॲप उघडत नाही. वीज गेली, चार्जिंग संपलं तर हाताशी असावीत म्हणून रोजची चित्रं छापून लॅमिनेट करून घ्या. एकच बटण सारखं दाबतंय म्हणून यंत्र काढून घेणं तर मुळीच नको. तान्हं बाळ ‘बाबाबा’ करतं तेव्हा त्याचं तोंड कुणी दाबत नाही.

आणि “यंत्राची सवय लागली की तोंडानं बोलायचं नाही” ही भीती सोडा. विकासात्मक अपंगत्व असलेल्या आणि खुणा, चित्रं, यंत्र अशी संवादाची साधनं वापरणाऱ्यांवरच्या अभ्यासांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं घटलेलं नव्हतं. बहुतेकांचं वाढलं होतं.