नेस्टेड पेजिंग आणि नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन: आडनाव एक, घरं दोन

"सर, नेस्टेड तं चालू हाय, मंग आतलं मशीन एवढं मंद काहून चालते?" दारव्हा तालुक्यातल्या आमच्या लॅबमध्ये दर सत्राला कोणी ना कोणी हे विचारतंच. कोणतं नेस्टेड, असं विचारलं की पोरगं ईपीटीचा, म्हणजे नेस्टेड पेजिंगचा, फ्लॅग दाखवतं. चिडायला होतं, पण नावंच तशी ठेवलीत.

व्हीएम म्हणजे संगणकात सॉफ्टवेअरने उभं केलेलं दुसरं मशीन. त्याच्या मेमरीचे पत्ते खऱ्या रॅमच्या पत्त्यांत बदलायची प्रोसेसरमधली सोय म्हणजे नेस्टेड पेजिंग: इंटेलचं ईपीटी, एएमडीचं एनपीटी. साध्या एका व्हीएमलाही आजकाल ते वापरतातच. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणजे व्हीएमच्या पोटात व्हीएम. इथवर सोपं आहे.

घोळ पुढे आहे. प्रोसेसर हा दोनच रजिस्टरं चाळणारा तलाठी समजा: जुन्या सर्व्हे नंबरावरून गट नंबर, गट नंबरावरून प्रत्यक्ष धुरा. एका व्हीएमला तेवढं पुरतं. तेही स्वस्त नाही. चार पातळ्यांच्या पेज टेबलला (पत्ते बदलायच्या तक्त्याला) एरवी 4 वेळा मेमरी बघावी लागते, इथे 24 वेळांपर्यंत. पोटातल्या व्हीएमला मात्र रजिस्टरं तीन लागतात आणि तिसरं चाळायची सोय हार्डवेअरमध्ये नाहीच. म्हणून सगळ्यात बाहेरचा हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) मधल्या हायपरव्हायजरचं ईपीटी आणि स्वतःचं ईपीटी जुळवून एक जोडरजिस्टर लिहितो. ते भरलेलं असलं की आतलं मशीन बरं पळतं. पण आतल्याने नव्या पानाला (मेमरीच्या ठरावीक मापाच्या तुकड्याला) हात लावला की आधी बाहेर धाव, तिथून मधल्याकडे, पुन्हा बाहेर, मग आत. हेलपाटे इथे आहेत. त्यात रॅम वाढवून काय होणार?

हेलपाटे कमी करायचे तर पानं मोठी करा. 4 केबीऐवजी 2 एमबीचं पान घेतलं तर 512 नोंदींचं काम एका नोंदीत होतं. पण ही मोठी पानं, म्हणजे ह्यूज पेज, बाहेर आणि मधे अशी दोन्ही मजल्यांवर हवीत. बाहेर 2 एमबी आणि मधे 4 केबी असेल, किंवा उलट, तर जोडरजिस्टर 4 केबीचंच बनतं. बहुतेक जण बाहेरच लावून मोकळे होतात. मधल्या मशीनमध्ये 4 जीबीच्या आतल्या व्हीएमसाठी 2048 पानं राखून ठेवावी लागतात, तीही बूट होताच. दुपारपर्यंत मेमरीचे तुकडे झालेले असतात, मग 2048 मागितली तरी पूर्ण मिळत नाहीत.

बलून (व्हीएमकडून मेमरी परत घेणं) आणि स्वॅप (रॅममधली पानं डिस्कवर टाकणं) दोन्ही मजल्यांवर चालू ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बाहेरचा स्वॅप बंद करतो आणि चहाला जातो.